जुनी टॅव्हर्न घड्याळं: घेताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या टॅव्हर्नमध्ये (दारूच्या गुत्त्यांत) आणि घोडागाड्यांच्या सरायांमध्ये भिंतीवर टांगलेली, दोन-अडीच फुटी तबकडीची घड्याळं आज 'अ‍ॅक्ट ऑफ पार्लमेंट क्लॉक' म्हणून विकली जातात. पहिली फसगत या नावातच आहे. धाकट्या विल्यम पिटच्या सरकारनं 1797 मध्ये संसदेत कायदा करून घड्याळांवर वार्षिक कर बसवला, त्यावरून हे नाव. घरातल्या घड्याळाला 5 शिलिंग, खिशातल्या सोन्याच्या घड्याळाला 10, चांदीच्याला अडीच. लोकांनी घड्याळं काढून टाकली आणि टॅव्हर्नवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी मोठी घड्याळं टांगली, ही गोष्ट रंगते छान. पण अशी घड्याळं त्याआधी साठ-सत्तर वर्षं बनत होती, आणि करही 1798 मध्येच रद्द झाला. तेव्हा चिठ्ठीवर '1797' दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. तबकडीचा आकार बघा. ढालीसारखी तबकडी साधारण आधीची, साधी गोल नंतरची.

दुसरी गल्लत स्प्रिंगच्या घड्याळाशी होते. आपल्याकडच्या वाड्यांत आणि इराणी हॉटेलांत दिसणारी लंबकाची घड्याळं बहुतेक स्प्रिंगवर चालतात. टॅव्हर्न घड्याळ चालतं ते खाली लोंबणाऱ्या वजनावर. त्याला सहसा टोले नसतात आणि तबकडीवर काचही नसते. काच हरवली असेल असं समजून नवी बसवून घेऊ नका.

सगळ्यात मोठं नुकसान साफसफाईत होतं. काळ्या पेटीवरची सोनेरी चिनी चित्रं म्हणजे जॅपनिंग. त्यातलं वार्निश पुष्कळदा लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला की सोनेरी रेघ बोळ्यावर येते, आणि ती परत काही मिळत नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, तेवढं पुरे. तबकडी लाकडी फळ्या जोडून केलेली असल्यानं सांध्यावर भेग पडते. तिच्यात कडक लांबी (पुट्टी) भरू नका. हवेप्रमाणे लाकूड हललं की शेजारचा रंग उडतो.

घड्याळ उतरवताना आधी वजन काढा, मग लंबक. उलट केलंत तर लंबकाचा अटकाव नसल्यानं चाकं भरधाव सुटतात आणि एस्केपमेंटचे, म्हणजे चाकांना एकेका ठोक्यानं सोडणाऱ्या भागाचे, दात बिघडतात. किल्ली देताना कप्पी वरच्या फळीला टेकण्याआधी थांबा. नाहीतर दोरी ताणून तुटते. तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या) दोरीचा एक जरी पदर सुटलेला दिसला तरी ती बदला. शिशाचं वजन सुटलं तर पेटीचा तळ फोडूनच जातं.

लावून झाल्यावर घड्याळ पाच-दहा मिनिटांत बंद पडतंय? मशीन खोलायची घाई नको. कान द्या. टिक... टक-टिक... टक अशी लंगडी चाल ऐकू आली तर घड्याळ तिरकं टांगलंय. पेटीचं खालचं टोक केसभर डावी-उजवीकडे सरकवा, आणि दोन्ही ठोके सारख्या अंतरानं पडू लागले की तिथेच पक्कं करा.

वेळ चुकत असेल तर लंबकाखालची चकती फिरवा. मागे पडत असेल तर लंबकाचा गोळा वर, पुढे पळत असेल तर खाली. सेकंदाच्या लंबकाची (एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणाऱ्या) प्रभावी लांबी सुमारे 99.4 सेंटीमीटर, ती 1 मिलिमीटरनं बदलली की दिवसाला साधारण 43 सेकंदांचा फरक पडतो. म्हणून एका वेळी अर्धाच फेरा, आणि पुढचा चोवीस तासांनी.