टेबलावर प्रत्येकाला वेगळाच गेम हवा असतो: डीएम मंडळी, या चुका टाळा

फाशांचा मनोरा दिसला की समजावं, कुणीतरी कंटाळलंय. सहा बाजूंचे फासे एकावर एक रचत जायचे, पाचवा-सहावा ठेवताना श्वास रोखायचा आणि सगळं ढासळलं की "सॉरी, सॉरी" म्हणत पुन्हा पहिल्यापासून. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायची. आमच्या टेबलावर एकदा हा मनोरा नऊ फाशांपर्यंत चढला. बाकीचे तिघे तेव्हा थडग्याच्या दारावरच्या शिलालेखाचा अर्थ लावण्यात गढून गेले होते. चाळीस मिनिटं. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि खेळ चालवणारा) म्हणून मी खुशीत, काय रंगलंय सेशन! शेवटी मनोरेवाल्याने जाहीर केलं, "मी दाराला लाथ मारतो." सापळा सुटला, जादूगार जागीच कोसळला आणि मग जे भांडण झालं ते कॅरेक्टरांचं नव्हतं.

त्या रात्री मी त्याला मनातल्या मनात वाईट खेळाडू ठरवून मोकळा झालो. खरं तर चाळीस मिनिटांत त्याला करण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. नंतर इतरांच्या टेबलांची गाऱ्हाणी ऐकली तेव्हा कळलं, बहुतेक भांडणांच्या मुळाशी हेच असतं. नियमपुस्तक उघडून ती मिटत नाहीत. एकाला लढाई हवी असते, दुसऱ्याला संवाद, तिसऱ्याला नकाशाचा कानाकोपरा, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण खेळतो तोच खरा गेम.

"तुला कसा गेम आवडतो?" एवढंच विचारून थांबणं

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तरही ठरलेलं असतं: "रोलप्ले जास्त, कॉम्बॅट कमी," म्हणजे पात्रात शिरून बोलणं जास्त, लढाई कमी. ते ऐकायला जरा भारदस्त वाटतं ना! हीच मंडळी पुढे इनिशिएटिव्हचा (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणारा) रोल आला की खुर्ची पुढे ओढतात. खोटं बोलतात असं नाही. स्वतःची आवड शब्दांत पकडणं अवघड असतं, आणि नवख्याला तर निवडायला काय काय आहे तेच माहीत नसतं.

त्यापेक्षा असं विचारा: "आधीच्या कुठल्या खेळातला कुठला प्रसंग तू अजूनही रंगवून सांगतोस?" एकजण शेवटच्या बाणावर पाडलेला ड्रॅगन सांगेल. दुसरी सांगेल, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून सगळी पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, किल्ल्यात कशी घुसवली. तिसरा तासभर आखलेल्या दरोड्याबद्दल बोलेल, आणि गंमत म्हणजे दरोडा फसला हे त्याच्या खिजगणतीतही नसेल. त्याला आखणीच आवडली होती.

आणि डोळे उघडे ठेवा. मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखतो, "पुढे झुकला" आणि "मागे टेकला". तीन सेशनमध्ये त्या पानावर जे जमतं, ते कुठल्याही प्रश्नावलीत मिळत नाही.

माणसांवर शिक्के मारणं

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली युद्धखेळांच्या पोटातून जन्माला आला आणि १९८० साली एका अमेरिकन गेमिंग मासिकात खेळण्याचे चार प्रकार मांडलेसुद्धा गेले: पॉवरगेमिंग (पात्र जास्तीत जास्त ताकदवान करणं), रोलप्ले, युद्धखेळ आणि कथाकथन. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतलं डीएमचं पुस्तक खेळाडूंच्या सात आवडी सांगतं. कुणाला अभिनय आवडतो, कुणाला शोध, कुणाला उगाच काहीतरी पेटवून देणं. रिचर्ड बार्टल यांची १९९६ ची चार प्रकारांची मांडणीही टेबलावर सर्रास वापरली जाते, पण ती मुळात मड नावाच्या मजकुरी ऑनलाइन गेमबद्दल होती.

या याद्या मला आवडतात. फक्त लोक त्या रक्तगटासारख्या वापरतात. माझा एक मित्र एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) अर्धा तास स्वगत बोलणारा पुजारी होता आणि दुसऱ्या टेबलावर त्याला फक्त गॉब्लिन कापायचे होते. दिवसभर थकून आलेल्या माणसाची आवड त्या दिवसापुरती वेगळी असते. म्हणून ही लेबलं माणसांना न लावता प्रसंगांना लावून बघा. पुढच्या सेशनच्या तयारीत सलग चार प्रसंगांसमोर "संवाद" लिहिलेलं दिसलं, की मनोरा कुठे उभा राहणार ते आधीच कळतं.

पॉवरगेमरला धडा शिकवणं

ही चूक मी सगळ्यात उत्साहाने केली आहे. पाचव्या लेव्हलचा तिरंदाज, डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, आर्चरी फायटिंग स्टाइल (धनुष्यबाणाचं खास कौशल्य). एकूण हल्ल्याच्या फाशात अधिक नऊ मिळवायचे. माझे राक्षस टपाटप पडत होते. मग मी गुपचूप त्यांचा आर्मर क्लास, म्हणजे फटका लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ वरून १९ केला.

आता हिशेब बघा. आधी तिरंदाजाला डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) ६ किंवा जास्त लागत होते, म्हणजे ७५ टक्के. आता १० लागू लागले, म्हणजे ५५ टक्के. त्याच पार्टीत एक मैत्रीण होती, तिने कथेसाठी म्हणून मुद्दाम साधीसुधी योद्धा बनवलेली. तिचे अधिक पाच. तिची शक्यता ५५ वरून ३५ टक्क्यांवर आली. फटका दोघांनाही वीस टक्क्यांचा, पण तिरंदाजाचे पाऊण बाण लागत होते ते निम्म्याहून थोडे जास्त लागू लागले आणि तिची तलवार तीनातल्या दोनदा हवेत फिरू लागली. धडा मी एकाला शिकवायला गेलो आणि शिकली भलतीच. तिरंदाजाने तर पुढच्या लेव्हलला आणखी घट्ट बिल्ड (पात्राची जुळणी) आणला. साहजिक आहे, मी त्याला आवडणारंच कोडं घातलं होतं.

आकडे वाढवण्याऐवजी उद्दिष्टं बदला. पूल कोसळायच्या आत चार गावकऱ्यांना पलीकडे न्यायचंय, विधी तीन फेऱ्यांत थांबवायचाय, ओलिसाच्या गळ्यावर सुरी आहे. तिरंदाजाला त्याच्या नेमबाजीचा आनंद मिळू द्या, पण नुसत्या नेमबाजीवर प्रसंग सुटू देऊ नका. आणि कधीकधी त्याला बारा सांगाडे देऊन टाका. त्यासाठीच तर त्याने ते कॅरेक्टर बनवलंय.

गप्प माणसाला बोलतं करण्याचा अट्टाहास

टेबलावर एखादी व्यक्ती तासभर गप्प बसते, हसते, नकाशा काढते आणि पुढच्या आठवड्याला वेळेच्या आधी हजर असते. तिला मजा येतेय. सगळ्यांदेखत "तुझं कॅरेक्टर काय म्हणतंय?" असं तिच्यावर लादलं, तर ती यायची थांबेल. "माझी सरदारीण त्याला धमकावते" हाही पूर्ण रोलप्ले आहे, आवाज बदलून संवाद म्हणायची सक्ती नको. उलट बाजूही आहेच: फर्ड्या वक्तृत्वाच्या माणसाने करिश्मा (लोकांवर छाप पाडण्याची क्षमता) अवघा ८ असलेलं कॅरेक्टर आणायचं आणि भाषण ठोकून प्रत्येक राजाला पटवायचं, हे चालवून घेतलं तर करिश्मावर पॉइंट घालणारा बिचारा मूर्खच ठरतो. बोलू द्या, पण फासा टाकायला लावा.

"माझं कॅरेक्टर असंच आहे"

चोर पार्टीच्याच थैलीतून हिरा लंपास करतो आणि विचारलं की हे वाक्य येतं. डीएम मग गेमच्या आत शिक्षा शोधतो: पहारेकरी, शाप, आकाशातून वीज. यातलं काहीही लागू पडत नाही. कॅरेक्टर त्यानेच लिहिलंय, बदलणंही त्याच्याच हातात आहे. पाच मिनिटं गेम थांबवा आणि माणसाशी माणसासारखं बोला: "तुला पार्टीत कारस्थानं हवीत का? बाकीच्यांना चालतील का?" चालणार असतील तर धमाल येते. नसतील तर चोराने पार्टी सोडून इतर सगळ्यांना लुटावं.

अपेक्षा एकीकडे आणि बक्षीस भलतीकडे

"माझे खेळाडू दिसेल त्याला मारत सुटतात," अशी तक्रार करणाऱ्या डीएमला मी आधी विचारतो, एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कशाचे देतोस? बहुधा उत्तर येतं, मारलेल्या राक्षसांचे. मग झालंच की. सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये बाहेर आणलेल्या खजिन्याचे एक्सपी मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक. राक्षसांचे त्या मानाने किरकोळ. त्यामुळे लढाई टाळून, हळूच सोनं उचलून पळणारे खेळाडू शहाणे ठरत. स्वभाव कुणाचेच बदलले नव्हते, बक्षीस वेगळं होतं.

सिस्टिमचंही, म्हणजे कुठल्या नियमांनी खेळता त्याचंही, तेच. २०१० च्या ॲपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमपासून निघालेल्या गेममध्ये सहा बाजूंचे दोन फासे पडतात: ६ पर्यंत फसलं, ७ ते ९ जमलं पण किंमत मोजून, १० किंवा जास्त म्हणजे निर्विवाद. बोनस नसेल तर ७ ते ९ पडण्याची शक्यता ३६ पैकी १५, जवळजवळ ४२ टक्के. कथा आवडणाऱ्यांना त्या किमतीतच रस असतो. पण अचूक आखणी करणारा माणूस या टेबलावर चिडचिडा होतो. त्याची निर्दोष योजनाही दर थोड्या वेळाने कुठेतरी उसवते. त्याच्यावर रागावण्याआधी हातात कुठलं पुस्तक आहे ते बघा.

आणखी दोन, थोडक्यात

"तुम्ही चौकात उभे आहात, काय करता?" असं म्हणून सँडबॉक्स (ठरलेली गोष्ट नसलेला, हवं तिकडे जा असा खेळ) सुरू करू नका. शोधाची आवड असलेल्यालाही शोधायला धागा लागतो. वेगवेगळ्या चवीच्या तीन अफवा पुरतात: एक लढाईची, एक कारस्थानाची, एक अनोळखी जागेची. पार्टी कुठली उचलते त्यातूनही बरंच कळतं.

आवड आणि मर्यादा यांची गल्लत नको. "मला कोडी आवडत नाहीत" ही आवड झाली, तडजोड होऊ शकते. "लहान मुलांवरचे अत्याचार माझ्या टेबलावर नकोत" ही मर्यादा आहे, तिथे मतदान घेत नाहीत. एक्स-कार्ड याचसाठी असतं: कार्डाला हात लागला की तो भाग वगळायचा, कारण विचारायचं नाही.

कधी हे सगळं करूनही जमत नाही. चौघांना राजदरबार हवा आणि पाचव्याला फक्त तळघरं, तर त्याला दुसरं टेबल शोधून द्यावं. मैत्री टेबलाबाहेर ठेवता येते.

मनोरेवाला मात्र अजून आमच्याकडेच आहे. पुढच्या वेळी मी पुन्हा शिलालेख ठेवला, तसाच किचकट. फक्त मागच्या बोळातून दर फेरीला दोन सांगाडे सोडत राहिलो. तो बोळाच्या तोंडाशी एकटा उभा. "अजून किती वेळ?" असं ओरडत होता, आणि आतले तिघे घाम पुसत अक्षरं जुळवत होते. त्या दिवशी मनोरा रचायला फासे शिल्लकच नव्हते, सगळे डॅमेजसाठी त्याच्या मुठीत होते.