थायलंडच्या वस्त्यांत कुत्रा आणि मालकाची जबाबदारी: या चुका टाळा

बँकॉकच्या आसपासच्या कोणत्याही ‘मूबान’मध्ये, म्हणजे एका सामाईक प्रवेशद्वाराच्या आत वसवलेल्या घरांच्या वसाहतीत, बहुतेक घरांपुढे रुळावर सरकणारे लोखंडी फाटक असते. पार्सल घ्यायला ते हातभर सरकवले जाते आणि तेवढ्या फटीतून घरातला कुत्रा बाहेर पडतो. तो कोणाला चावला, तर पुढची सगळी चर्चा त्याच्या जातीवर, स्वभावावर आणि समोरच्याने त्याला डिवचले होते की नाही यावर होते. फाटक उघडे का राहिले, हे कोणी विचारत नाही. थाई कायदा मात्र नेमके तेच विचारतो. नोकरी-व्यवसायानिमित्त तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, स्वतः कुत्रा पाळलेला असो वा नसो, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

‘आमचा कुत्रा आजवर कोणाला चावला नाही’ यावर विसंबणे

थायलंडच्या दिवाणी व व्यापारी संहितेचे कलम 433 सांगते की जनावरामुळे कोणाचे नुकसान झाले, तर त्याच्या मालकाने किंवा मालकाच्या वतीने त्याला सांभाळणाऱ्याने भरपाई द्यायची. यातून सुटायचे असेल, तर जनावराची जात, स्वभाव आणि परिस्थिती पाहता योग्य ती काळजी घेतली होती, किंवा तशी काळजी घेऊनही नुकसान टळले नसते, हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो. कुत्रा वाईट होता, असे जखमी माणसाने सिद्ध करत बसण्याची गरज नसते. त्यामुळे ‘तो फार गरीब आहे हो’ हे वाक्य मालकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. कुत्रा खरोखर इतका गरीब असेल, तर त्याला बांधून ठेवणेही सोपे होते, असा प्रश्न त्यातूनच निघतो. दुसऱ्या कोणी कुत्र्याला चिथावले असेल, तर मालकाला त्या व्यक्तीकडून वसुली करता येते, परंतु जखमी माणसाचे देणे त्यासाठी थांबत नाही.

हे कलम केवळ चावण्यापुरते नाही. कुत्रा मोटारसायकलमागे धावला आणि चालवणारा घसरून पडला, तर दातही न लागता प्रकरण याच कलमाखाली येते. ‘सोई’मध्ये, म्हणजे मुख्य रस्त्यावरून आत जाणाऱ्या गल्लीत, घरापुढे दिवसभर मोकळे बसणारे पाळीव कुत्रे ही थायलंडमधली इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्यात काही चुकते आहे असे पाळणाऱ्यालाही वाटत नाही. पहाटे अनवाणी भिक्षाटनाला निघालेले भिक्खू, शाळेत जाणारी मुले आणि जेवण पोचवणारे दुचाकीस्वार याच गल्लीतून जातात. उग्र जनावर ताब्यात असताना ते इजा करू शकेल अशा रीतीने एकटे भटकू दिले, तर फौजदारी संहितेच्या कलम 377 खाली एक महिन्यापर्यंत कैद, 10,000 बाटपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या कलमासाठी चावा घडावाच लागतो, असे नाही. निष्काळजीपणामुळे गंभीर इजा किंवा मृत्यू झाला, तर प्रकरण याहून कितीतरी जड कलमांत जाते.

पाटी लावली की जबाबदारी संपली असे समजणे

‘रवांग मा दु’, म्हणजे ‘कुत्रा उग्र आहे, सांभाळा’, अशी पाटी फाटकाफाटकावर दिसते. पाटी जरूर लावावी. परंतु कुत्रा रस्त्यावर येऊन चावला, तर तीच पाटी मालकाला त्याच्या स्वभावाची पूर्ण कल्पना होती याचा पुरावा ठरू शकते. पाटीवर खर्च करण्याआधी फाटकाला आपोआप बसणारी कडी लावावी, खालच्या फटीत आडवी पट्टी बसवावी आणि पार्सल घेण्यासाठी भिंतीत किंवा फाटकाबाहेर पेटी ठेवावी. शक्य असेल तिथे फाटकाच्या आत दुसरा छोटा दरवाजा करावा, म्हणजे पहिला उघडताना दुसरा बंद राहील. कायमचे साखळीने बांधून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. चोवीस तास बांधलेला कुत्रा अधिकच चिडका होतो, आणि प्राण्याला योग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन 2014 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध व कल्याण कायद्याने मालकावर घातलेलेच आहे.

धोका केवळ ‘पिटबुल’मध्ये पाहणे

पिटबुल टेरिअर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर या जातींच्या आयातीवर थायलंडमध्ये बंदी आहे. देशातच जन्मलेली कुत्री मात्र आजही घरोघर आढळतात. बँकॉक महानगर प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या प्राणीपालनाच्या उपविधीत पिटबुल, बुल टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, रॉटवायलर आणि फिला ब्राझिलेरो या जाती विशेष नियंत्रणाखाली ठेवल्या आहेत. त्यांना बाहेर नेताना तोंडाला मुसके आणि हातात मजबूत पट्टा हवा, आणि तो मानेपासून 50 सेंटिमीटरच्या आत धरायला हवा. वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते ते याच नियमातले दुसरे अंग: ज्या कुत्र्याने पूर्वी माणसावर हल्ला केला आहे, तोही याच वर्गात मोडतो, मग तो कोणत्याही जातीचा असो. हीच तरतूद मला अधिक शहाणपणाची वाटते.

थायलंडच्या स्वतःच्या जातींपैकी फिट्सानुलोक प्रांतातला ‘बांगकेव’ या बाबतीत पाहण्यासारखा आहे. झुपकेदार शेपटीचे, लोकरीच्या गुंड्यासारखे पिल्लू पाहून शहरातली माणसे ते हौसेने आणतात. हा कुत्रा घरच्या माणसांना जीव लावतो, परंतु परक्याविषयी संशयी आणि आपल्या हद्दीबद्दल अतिशय दक्ष असतो. वर्षभरात तो मोठा झाला की हौसेची जागा चिंता घेते. पिल्लू लहान असतानाच त्याला परकी माणसे, मुले, दुचाकीचा आवाज आणि पशुवैद्याचा हात यांची सवय लावली नाही, तर पुढे मुसके आणि पट्टा यांच्याशी रोजचे भांडण होते.

याच उपविधीत घराच्या क्षेत्रफळानुसार प्राण्यांची संख्या ठरवलेली आहे (20 ते 80 चौरस मीटरच्या भाड्याच्या खोलीत किंवा फ्लॅटमध्ये एक प्राणी, 100 चौरस वाह म्हणजे 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत जास्तीत जास्त सहा) आणि मायक्रोचिप व नोंदणीचे बंधन घातलेले आहे. प्रसिद्धीनंतर 360 दिवसांनी अंमल अशी त्याची मूळ मुदत होती. सध्या कोणता नियम कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे आपल्या ‘खेत’च्या म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. बँकॉकबाहेर नगरपालिका किंवा ‘तांबोन’ म्हणजे उपजिल्हा प्रशासनाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे शेजारच्या प्रांतातल्या मित्राचा सल्ला आपल्या घराला लागू होईलच असे नाही.

सांभाळणारा आणि मालक वेगळे, म्हणून आपण सुटलो असे मानणे

मराठी घरांतून ही चूक सहज होते. कंपनीने दिलेले घर, घरमालकाने मागे ठेवलेला कुत्रा, त्याला फिरवणारी ‘मेबान’ म्हणजे घरकामाची बाई, आणि कागदोपत्री मालक तिसराच. कलम 433 ‘मालकाच्या वतीने सांभाळणारा’ असे म्हणते, आणि 2014 च्या कायद्यातही ज्याच्या ताब्यात प्राणी आहे किंवा ज्याच्यावर त्याची देखभाल सोपवली आहे त्याचा मालकाच्या व्याख्येत समावेश आहे. भाडेकरार करतानाच कुत्रा कोणाचा, त्याची लस कोण देणार आणि अपघात झाला तर खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची सवय पुण्या-मुंबईहून आपल्यासोबत येते, आणि थायलंडमध्ये ती पुण्यकर्म मानली जात असल्याने तिला कोणी हरकतही घेत नाही. दिवंगत राजे भूमिबोल यांची लाडकी ‘थोंगदेंग’ ही कुत्रीही गल्लीतल्या भटक्या कुत्रीच्या पोटी जन्मलेली होती. तथापि केवळ नियमित अन्न दिल्याने माणूस मालक ठरतो का, हा वाद थायलंडच्या प्रशासकीय न्यायालयांपर्यंत गेलेला आहे, आणि गळ्यात पट्टा बांधून रात्री पडवीत निजू देणाऱ्याला शेजारी मालकच समजणार. खाऊ घालायचे असेल, तर मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, ठरलेल्या वेळी घालावे आणि त्याच कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून घ्यावे. फुकेतमध्ये 2003 साली सुरू झालेली ‘सोई डॉग’ ही संस्था नेमके हेच काम करते: पकडणे, निर्बीजीकरण, लस आणि मूळ जागी परत सोडणे.

भिडेखातर गप्प राहणे

थाई भाषेत ‘क्रेंगजाय’ असा एक शब्द आहे. दुसऱ्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपली अडचण गिळून टाकणे, हा त्याचा साधारण अर्थ; आपल्याकडच्या ‘भीड’ या शब्दाच्या तो बराच जवळ आहे. शेजारचा कुत्रा तीनदा अंगावर येतो, चौथ्यांदा पँट फाडतो आणि तरीही कोणी काही बोलत नाही, कारण रोज तोंड पाहायचे असते. मग एक दिवस लहान मुलाला चावा बसतो आणि एवढे दिवस साचलेले सगळे एकदम बाहेर पडते. तिथे चारचौघांत आवाज चढवणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते, म्हणून पहिल्या घटनेनंतर लगेच, हसतमुखाने आणि एकट्याला गाठून बोलणे हेच व्यवहाराचे असते.

त्याने फरक पडला नाही, तर पुढची पायरी वसाहतीच्या ‘निती बुक्खोन’ची, म्हणजे व्यवस्थापन कार्यालयाची. तक्रार लेखी द्यावी, तारीख-वेळ लिहावी आणि प्रत स्वतःकडे ठेवावी. गावाकडे हेच काम ‘फू याय बान’ म्हणजे गावप्रमुखाच्या मध्यस्थीने होते. बँकॉकमध्ये 1555 हा महानगर प्रशासनाचा क्रमांक आणि ‘ट्रॅफी फोंडू’ हे तक्रारीचे ॲप आहे. फोटो जोडला तर काम लवकर हलते. या जुन्या लेखी तक्रारीच पुढे मालकाला धोका माहीत होता हे दाखवायला कामी येतात.

विष घालून प्रश्न ‘मिटवणे’ हा गुन्हा आहे. प्राण्याशी क्रूरतेसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, 40,000 बाटपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वैतागलेल्या मालकाने कुत्रा गाडीत घालून एखाद्या ‘वात’च्या म्हणजे बौद्ध विहाराच्या आवारात सोडून येणे हाही गुन्हाच आहे. तिथे भिक्खू त्याला उपाशी ठेवणार नाहीत, हा मालकाचा हिशेब असतो. परंतु कारणाशिवाय प्राणी सोडून देण्यासाठीही 40,000 बाटपर्यंत दंड आहे, आणि विहारात येणाऱ्या लोकांवरचा धोका वाढतो तो वेगळाच.

चावल्यानंतर आधी पैशांचे बोलणे करणे

चावा बसला की मालक धावत येतो, दोन्ही हात जोडतो आणि खिशातून हजार-दोन हजार बाट काढतो. प्रकरण तिथेच मिटते, आणि जखम तशीच राहते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि थायलंडमध्ये एकट्या 2018 साली त्याने 18 माणसे दगावली. म्हणून सर्वप्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, बाम, मिरची असे काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, द्यावे लागते. पूर्वी पूर्ण लस घेतली असेल, तर त्याची गरज नसते आणि लसीच्या मात्राही कमी लागतात, म्हणून जुना कागद बरोबर न्यावा. बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसची राणी सावोवभा स्मारक संस्था या उपचारासाठी जगभर ओळखली जाते. कमी मात्रेत त्वचेत लस देण्याची पद्धत तिथेच आकाराला आली.

‘पिल्लूच होते’, ‘ओरखडाच आहे’, ‘त्याला लस दिलेली आहे’ या तिन्ही सबबी डॉक्टरांना सांगाव्यात, परंतु त्यांच्या आधारावर घरी बसू नये. कुत्र्याची लसीची वही पाहायला मागावी आणि तारीख नीट वाचावी. थाई कागदावर बुद्धसंवत असते, त्यातून 543 वजा केले की आपले इसवी सन मिळते. ‘68’ असे लिहिले असेल, तर ते 2568, म्हणजे 2025. कुत्रा मारू नये आणि दूर पाठवू देऊ नये. दहा दिवस तो डोळ्यांसमोर बांधून ठेवणे वैद्यकीय दृष्टीने आवश्यक असते, आणि तो निरोगी राहिला, तर उरलेल्या मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. मालकाने लस चुकवली असेल, तर 1992 च्या रेबीज कायद्याखालचा दंड अवघा 200 बाटपर्यंत आहे. ही रक्कम पाहून लसीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी एका चाव्यानंतरच्या उपचाराचे बिल एकदा पाहावे.

रुग्णालयातून आल्यावर पोलीस ठाण्यात रोजनाम्यात नोंद करून घ्यावी. जखमेचे फोटो, उपचाराच्या पावत्या, बुडालेल्या कामाच्या दिवसांचे पत्र आणि कुत्रा कुठून बाहेर आला त्या जागेचा फोटो जपून ठेवावा. तडजोड करायची असेल, तर ती ठाण्यातच लेखी करावी आणि पुढच्या मात्रांचा खर्च तिच्यात धरावा, कारण ‘यापुढे काही मागणार नाही’ अशी ओळ त्या कागदावर असते आणि थाई न वाचता त्यावर सही करणारे कमी नाहीत. दिवाणी भरपाईचा दावा नुकसान आणि त्याला जबाबदार व्यक्ती कळल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो.