वकिली फर्मने ऑनलाइन येताना: जाहिरातीआधी करायची तयारी

बहुतेक माणसांना वकील शोधण्याची वेळ आयुष्यात एकदा किंवा दोनदा येते, आणि ती वेळ सहसा चांगली नसते. हातात नोटीस असते, मुदत जवळ आलेली असते आणि शोध बहुधा मोबाइलवर, रात्री उशिरा चाललेला असतो. असा माणूस ‘दिवाणी प्रक्रियेतील निष्णात वकील’ असे शब्द टाकत नाही. ‘नोटिशीला उत्तर दिले नाही तर काय होते’ असा साधा प्रश्न टाकतो. फर्म मात्र सुरुवात करतात ती देखणे संकेतस्थळ बनवून घेण्यापासून, आणि त्यातून आलेली चौकशी कोणीही न उघडणाऱ्या इनबॉक्समध्ये आठवडाभर पडून राहते. म्हणून या मार्गदर्शिकेतील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी नियम, मग आलेल्या माणसाला सामावून घेणारी कार्यालयीन यंत्रणा, आणि त्यानंतर संकेतस्थळ, लेखन व जाहिरात.

नियम आधी वाचावेत

वकिली व्यवसायाच्या प्रसिद्धीवर प्रत्येक देशात वेगवेगळी बंधने आहेत, आणि ती फर्मने स्वतः वाचली पाहिजेत, कारण संकेतस्थळ बनवणाऱ्या एजन्सीला ती माहीत असतीलच असे नाही. भारतात बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ जाहिरात, परिपत्रके, दलाल किंवा व्यक्तिगत गाठीभेटी यांद्वारे काम मिळवण्यास मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनदेचा तपशील, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत १९७७ मध्ये ‘बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ ॲरिझोना’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी वकिलांच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी अवैध ठरवली. आता तेथे मुख्य कसोटी मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का, ही आहे. इंग्लंडमध्ये तर डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटरांच्या फर्मना काही ठरावीक सेवांच्या शुल्काची माहिती संकेतस्थळावर द्यावीच लागते. म्हणजे तेच पान एका देशात गैरवर्तन ठरू शकते, दुसऱ्यात तो रोजचा व्यवहार असतो आणि तिसऱ्यात शुल्क न छापल्यामुळे ते अपुरे पडते.

व्यवहारात एक साधा उपाय चालतो. आपल्याला लागू असलेला नियम छापून घ्यावा, त्याशेजारी संकेतस्थळाचा संपूर्ण मजकूर ठेवावा आणि प्रत्येक वाक्याला नियमाचा आधार आहे का, हे एका जबाबदार भागीदाराने तपासावे. ‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर निकाल’, ‘शंभर टक्के यश’ हे शब्द कोणत्याही देशात ठेवण्यासारखे नाहीत. अनेक संकेतस्थळे उघडताच ‘मी स्वेच्छेने येथे आलो आहे’ अशी संमतीची चौकट पुढे येते. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण मनाई असलेला मजकूर चौकटीमागे लपवला म्हणून तो चालण्याजोगा होत नाही. जेथे जाहिरातच निषिद्ध आहे, तेथे या लेखातील सशुल्क जाहिरातीचा भाग सोडून द्यावा. बाकीची कामे तरीही करावीच लागतात.

आलेल्या चौकशीचे काय होते, हे पाहावे

संकेतस्थळावर पैसा खर्च करण्यापूर्वी आपल्याच फर्मची परीक्षा घ्यावी. एखाद्या परिचिताला कामाच्या वेळेत, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी फोन करायला सांगावे, फॉर्म भरून पाठवायला सांगावे, आणि उत्तर कोणी, किती वेळाने, कोणत्या शब्दांत दिले याची नोंद ठेवावी. ही परीक्षा घेणाऱ्या फर्मला बहुधा लाज वाटते, आणि ती वाटलेली बरी.

चौकशीचा फॉर्म लहान असावा: नाव, संपर्क, प्रकरणाचा ढोबळ प्रकार, विरुद्ध पक्षाचे नाव आणि जवळ आलेली एखादी तारीख. विरुद्ध पक्षाचे नाव पहिल्याच पायरीवर मागण्यामागे ठोस कारण आहे. समोरचा माणूस कदाचित आपल्याच जुन्या अशिलाविरुद्ध सल्ला मागत असेल, आणि त्याने सगळी हकिगत व कागदपत्रे पाठवली, तर ती गोपनीय माहिती हाती आल्यामुळे फर्मला दोघांचेही काम सोडण्याची वेळ येऊ शकते. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत संभाव्य अशिलाविषयीच्या कर्तव्यांसाठी १.१८ हा स्वतंत्र नियमच आहे. त्यामुळे हितसंबंधांची पडताळणी होईपर्यंत ‘आपली अडचण सविस्तर लिहा’ अशी मोठी चौकट फॉर्मवर ठेवू नये. फॉर्म पाठवल्याने वकील आणि अशील हे नाते निर्माण होत नाही, तसेच गोपनीय तपशील येथे लिहू नयेत, ही दोन वाक्ये ‘पाठवा’ या बटनाच्या लगेच वर, वाचता येईल अशा अक्षरांत असावीत.

पडताळणीसाठी आजी-माजी अशील, विरुद्ध पक्ष, कंपन्यांचे संचालक आणि त्यांची जुनी नावे एकाच ठिकाणी शोधता येतील अशी नोंद लागते. एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे असतात, लग्नानंतर नाव बदलते, कंपनीचे नामांतर होते. शोधयंत्रणा हे फरक ओळखत नसेल तर तिचा निर्वाळा फसवा असतो. महागडे सॉफ्टवेअर नसले तरी चालेल, पण प्रत्येक नवीन प्रकरणाची नोंद त्याच दिवशी झालीच पाहिजे.

काम घ्यायचे नसेल तर तेही कळवणे आवश्यक आहे, आणि लेखी कळवणे आवश्यक आहे. मौन राखल्यास तो माणूस ‘वकिलांनी काम हाती घेतले आहे’ असे धरून बसतो आणि तेवढ्यात दावा दाखल करण्याची मुदत संपते. नकाराच्या पत्रात ‘आपल्या प्रकरणाला कालमर्यादा लागू असू शकते, तरी त्वरित अन्य वकिलांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य न चुकता असावे.

संकेतस्थळ

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, फर्मच्या स्वतःच्या नावाने नोंदवलेले असावे. ते एजन्सीच्या खात्यात असेल, तर एजन्सीशी बिनसल्यावर संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही तिच्या ताब्यात राहतात, आणि कायद्याची फर्म स्वतःच करारातील त्रुटीची बळी ठरते.

पान मोबाइलवर किती लवकर उघडते, यासाठी गूगलने दिलेली मापे उपयोगी आहेत: मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा, आणि पान उघडताना मजकूर वरखाली सरकू नये. पहिल्या पडद्यावरचा अवाढव्य तराजू आणि लाकडी हातोडा काढून टाकला, की वेगाचा निम्मा प्रश्न सुटतो. तसाही तो हातोडा अनेक देशांच्या न्यायालयांत, अगदी इंग्लंडमध्येही, वापरला जात नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, हा सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतील आकडा डिझाइनरला लेखी द्यावा, फिकट राखाडी अक्षरे वयस्क अशिलांना वाचता येत नाहीत.

प्रत्येक कार्यक्षेत्राला वेगळे पान द्यावे आणि प्रत्येक वकिलाची ओळख नेमकी लिहावी. माझ्या मते वकिलाचे वैयक्तिक पान हेच संकेतस्थळाचे खरे मुखपृष्ठ असते, कारण लोक फर्मला नव्हे तर माणसाला काम देतात.

लेखन कशावर आणि कसे

विषय शोधण्यासाठी कोणत्याही साधनाची गरज नाही. गेल्या तीन महिन्यांत फोनवर लोकांनी काय विचारले, याची स्वागतकक्षातील नोंदवही पुरते. एक प्रश्न, एक पान, एवढे पथ्य पाळावे. पहिल्या दोन वाक्यांत सरळ उत्तर द्यावे, मग अपवाद, लागणारी कागदपत्रे, साधारण क्रम आणि कोठे गाडी अडते ते सांगावे. ‘हे प्रत्येक प्रकरणावर अवलंबून असते’ असे लिहायचे असेल, तर नेमके कशावर अवलंबून असते, हेही त्याच वाक्यात आले पाहिजे.

माणसाच्या पैशावर, आरोग्यावर किंवा सुरक्षिततेवर परिणाम करणाऱ्या मजकुराला शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या गूगलच्या मूल्यमापकांसाठीच्या मार्गदर्शक सूचना अधिक कडक कसोटी लावतात, आणि कायदेविषयक मजकूर त्यात मोडतो. डिसेंबर २०२२ मध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचाही समावेश त्या सूचनांत झाला. म्हणून लेखाखाली लिहिणाऱ्या वकिलाचे नाव आणि मजकूर शेवटचा तपासल्याची तारीख असावी. ही तारीख शोभेची नाही: कायदा बदलल्यावर जुन्या पानावर राहिलेली एक चुकीची मुदत वाचून कोणाचा तरी हक्क बुडू शकतो. दर सहा महिन्यांनी प्रत्येक लेख वाचून दुरुस्त करणे किंवा काढून टाकणे हे काम एका व्यक्तीच्या नावावर असावे, आणि ते निभत नसेल तर लेखांची संख्याच कमी ठेवावी. नाव बदलून अशिलाची हकिगत लिहिण्याचा मोहही टाळावा, कारण तपशिलांवरून माणूस ओळखू येतो.

नकाशावरील नोंदीत फर्मचे नाव पाटीवर आहे तसेच द्यावे, त्याला ‘घटस्फोट वकील’ यांसारखी शेपटे जोडू नयेत, आणि पत्ता व फोन सर्वत्र एकसारखा ठेवावा. अभिप्राय विकत घेऊ नयेत. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांवर फेडरल ट्रेड कमिशनचा स्वतंत्र नियम लागू झाला आहे. याहून मोठा सापळा प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देताना असतो. ‘तुम्ही फी भरली नाही, कागद वेळेवर दिले नाहीत’ असे रागाने लिहिले, की त्या माणसाचे वकीलपत्र आपल्याकडे होते, हे उघड होते आणि गोपनीयतेचा भंग होतो. ‘व्यावसायिक गोपनीयतेमुळे आम्ही येथे कोणत्याही व्यक्तीविषयी किंवा प्रकरणाविषयी बोलू शकत नाही, आपण कार्यालयाशी थेट संपर्क साधावा’, एवढ्यावर थांबावे.

सशुल्क जाहिरात आणि मागोवा

जेथे परवानगी आहे तेथेही, ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी ते शब्द अरुंद निवडावेत आणि ‘नोकरी’, ‘अभ्यासक्रम’, ‘नमुना अर्ज’ असे शोध वगळण्याच्या यादीत टाकावेत, नाहीतर विद्यार्थ्यांच्या क्लिकचे पैसे फर्म भरत राहते. क्लिक मोजून काही कळत नाही. चौकशी कोठून आली, काम घेतले का, आणि त्या कामातून किती शुल्क मिळाले, हे रकाने एका तक्त्यात भरले, तर स्वीकारलेल्या प्रत्येक प्रकरणामागे किती खर्च झाला ते स्पष्ट दिसते.

एक गोष्ट मात्र परवानगी असूनही करू नये. संकेतस्थळ पाहून गेलेल्या माणसाला नंतर इतरत्र त्याच फर्मच्या जाहिराती दाखवत राहण्याची सोय असते. घटस्फोटाची किंवा कौटुंबिक छळाची माहिती वाचणाऱ्या स्त्रीच्या घरातील सामायिक संगणकावर दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात झळकली, तर तिच्यावर काय ओढवेल याची कल्पना करावी. याच कारणासाठी चौकशीच्या फॉर्मच्या पानावरून समाजमाध्यमांचे मागोवा घेणारे कोड काढून टाकावेत.

सुरक्षितता

ईमेल स्वतःच्या डोमेनवर असावा, त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले का हे पडताळू देणाऱ्या, तीनही नोंदी जोडलेल्या असाव्यात, म्हणजे फर्मच्या नावाने बनावट पत्रे पाठवणे अवघड होते, आणि प्रत्येक खात्याला द्विस्तरीय पडताळणी असावी. बँक खाते बदलल्याचे कळवणारा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत; फर्मची स्वतःची खाते बदलण्याची सूचना ईमेलने कधीच येणार नाही, हे अशिलांनाही पहिल्याच पत्रात सांगावे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर, हा संकेत पाळावा, आणि प्रत परत उघडते का, हेही अधूनमधून करून पाहावे. जून २०१७ मधील नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात एका बड्या आंतरराष्ट्रीय लॉ फर्मचे ईमेल आणि फोन बंद पडले होते, तेव्हा लहान फर्मने स्वतःला सुरक्षित समजण्याचे कारण नाही.

पीडीएफमधील मजकूर काळ्या पट्टीने झाकणे म्हणजे पुसणे नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतील एका गाजलेल्या प्रकरणात बचाव पक्षाने दाखल केलेल्या कागदातील झाकलेला मजकूर पत्रकारांनी केवळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि तो वाचता आला. मजकूर कायमचा काढणारे साधन वापरावे आणि दाखल करण्यापूर्वी स्वतः कॉपी करून पाहावे.

कृत्रिम बुद्धिमत्ता

अमेरिकेतील ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाल्यामुळे न्यायालयाने जून २०२३ मध्ये ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. तेव्हा असे साधन मसुद्यासाठी वापरले तरी प्रत्येक निवाडा मूळ स्रोतात उघडून वाचावा, आणि अशिलाची कागदपत्रे सर्वांसाठी खुल्या असलेल्या साधनात टाकू नयेत.

संकेतस्थळावर चॅटबॉट ठेवायचाच असेल, तर आपण यंत्र आहोत हे त्याने पहिल्याच ओळीत सांगावे, कायद्याचा सल्ला देऊ नये आणि फक्त फॉर्ममधील तेच मोजके प्रश्न विचारावेत. ‘उद्या तारीख आहे’ किंवा ‘पोलीस आले आहेत’ असे शब्द दिसताच त्याने संवाद थांबवून संदेश माणसाकडे द्यावा, आणि तो संदेश त्या रात्री कोणाच्या फोनवर वाजणार, त्याचे नाव चॅटबॉट सुरू करण्यापूर्वी पाळीपत्रकात लिहिलेले असावे.