‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता: माझा अनुभव

फोंड्यात दिवसभर ऑफिसात बसून काम, त्यात पावसाळा. कंबर, पिंढऱ्या सतत दुखायच्या. रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी ११ आलं. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमखाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक, अशी ८ आठवडे दिली. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळतं, म्हणून रविवारी दुपारी हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) जेवल्यावरच घ्यायचे. फेरतपासणीत ३४ आलं, दुखणंही पुष्कळ कमी झालं. आता महिन्याला एकच.

कळकळीनं सांगते, ही गोळी रोजची नव्हे! अति झाल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आधी तपासणी करा, मगच डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. बांगडे-तारल्यांसारख्या मासळीतून थोडं मिळतं, पण एवढी तूट त्यानं भरत नाही.