फाज संशोधनासाठी परदेशी निधी मागण्याआधी : नागपुरातल्या प्रयोगशाळांची तयारी

परदेशी निधीची जाहिरात निघाली की आपल्याकडे सगळ्यात आधी बजेटचा तक्ता भरायला घेतात. फाज म्हणजे जीवाणूंवर वाढून त्यांना मारणारे विषाणू. त्यांच्या कामात सुरुवात फ्रीजपासून करा. चार अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांत कोणते फाज आहेत, ते कधी, कुठल्या पाण्यातून आणि कोणत्या जीवाणूवर मिळाले, आज त्यांचा टायटर, म्हणजे मिलिलिटरमागे जिवंत फाजांची संख्या, किती आहे, याची नोंद एका जागी आहे का ते बघा. नसेल तर अर्ज पुढच्या वर्षावर टाका आणि आधी ती नोंद करा. परदेशातला जोडीदार तुमच्याकडे पाहतो तो या नोंदवहीमुळे. ती नसेल तर तुम्ही फक्त नमुने पाठवणारे राहता. नागपूरच्या मुलामुलींनी केलेलं काम दुसऱ्याच कुणाच्या नावावर छापून येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

फाज मिळवायला नागपुरात अडचण नाही. नाग नदी, पिवळी नदी, भांडेवाडीला येणारं सांडपाणी, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या परिसरातलं पाणी, जिथे दूषित पाणी तिथे फाज. मात्र प्रत्येक नमुन्याची तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश आणि पाणी घेण्याची लेखी परवानगी फाइलला लावून ठेवा. फाजपेक्षा मौल्यवान आहे तो नीट नोंदवलेला जीवाणू. रुग्णांकडून मिळालेले क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जीवाणू, सोबत कोणतं प्रतिजैविक चालतं आणि कोणतं चालत नाही याचा तक्ता, रुग्णाची ओळख काढून टाकलेली, आणि रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीचं मंजुरीपत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणारे हेच जीवाणू सर्वांत गंभीर गटात आहेत. असा संग्रह हाताशी असेल तर बोलणी बरोबरीच्या नात्याने होतात. जनावरांच्या कासदाहावर काम करायचं असेल तर माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, शहरातच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणीही डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच झाली. माणूस, जनावर आणि पाणी हे तिन्ही एकाच शहरात अभ्यासता येतात, हे अर्जात ठळकपणे लिहा.

प्रत्येक फाज किमान तीनदा एकेका प्लाकवरून, म्हणजे जीवाणूंच्या थरात फाजने पाडलेल्या स्वच्छ ठिपक्यावरून, शुद्ध केलेला हवा. तो जीवाणूच्या किती वेगवेगळ्या स्ट्रेनवर (उपप्रकारांवर) चालतो याचा तक्ता हवा, आणि संपूर्ण जीनोमचा क्रम हवा. जीनोममध्ये इंटिग्रेझ (फाजला जीवाणूच्या जीनोममध्ये शिरून बसू देणारं जनुक), विषाची जनुकं किंवा प्रतिरोधाची जनुकं सापडली तर तो फाज उपचाराच्या अर्जातून काढून टाका, कितीही सुंदर प्लाक देत असला तरी.

टिकाऊपणाच्या चाचण्या मात्र कधीच वगळू नका. युरोपीय संघाच्या पैशावर भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर फॅगोबर्न नावाची चाचणी झाली. तयार केल्यानंतर फाजचं मिश्रण साठवणीत कमजोर पडत गेलं आणि रुग्णांना ठरल्यापेक्षा हजारो पटींनी कमी, मिलिलिटरमागे शंभराच्या घरातले फाज मिळाले. तेव्हापासून परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वीजही जाते. चार, पंचवीस, सदतीस आणि पंचेचाळीस अंशांवर काही महिने दर आठवड्याला टायटर मोजून आलेख काढा. हे काम नागपुरात जितकं खरं होईल तितकं थंड देशातल्या प्रयोगशाळेत होणार नाही.

आता परवानग्या. यांत सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून जोडीदाराशी पहिला ईमेल झाला त्याच आठवड्यात सुरुवात करा. आरोग्याच्या विषयात परदेशी सहकार्य किंवा परदेशी पैसा असेल तर प्रस्ताव आयसीएमआरमार्फत हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटी या सरकारी छाननी समितीकडे जातो. त्याआधी तुमच्या संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि दोन्ही संस्थांमधल्या कराराचा मसुदा हाती असू द्या. फाजमध्ये जनुकीय फेरफार करणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावं लागेल.

दुसरी परवानगी जैवविविधता कायद्याची आहे आणि तीच लोक विसरतात. २००२ च्या या कायद्यात सूक्ष्मजीव हे जैविक संसाधन आहेत. नाग नदीच्या पाण्यातला फाज त्यातून आपोआप सुटतो असं गृहीत धरू नका. परदेशी संस्थेला तो द्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि मंजूर झालेल्या सहकार्य प्रकल्पांना कलम ५ खाली सवलत आहे. आपला प्रकल्प त्यात बसतो का, हे प्राधिकरणाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. पेटंटचा विचार असेल तर हाच प्रश्न आणखी आधी येतो.

तिसरी गोष्ट पैसा कोणत्या खात्यात येणार ही. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून सक्तीने लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थांना एफसीआरए या परदेशी निधीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातून सूट आहे. ट्रस्टच्या महाविद्यालयाला ती नाही. त्यांना नोंदणी किंवा त्या प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे महाविद्यालयाने एफसीआरएखाली पैसा घ्यायचा आणि त्यातला वाटा शेजारच्या रुग्णालयाला द्यायचा, ही रचना चालणार नाही. प्रत्येक भागीदाराचा देणाऱ्याशी स्वतंत्र करार हवा. संस्थेच्या लेखा अधिकाऱ्याला पहिल्याच बैठकीला बोलवा. विभागप्रमुख नसले तरी एक वेळ चालेल, लेखा अधिकारी हवाच.

म्हणूनच पहिल्या अर्जासाठी मी असे मार्ग सुचवते जिथे पैसा रुपयांत, भारत सरकारकडूनच मिळतो. जेपीआयएएमआरसारख्या प्रतिजैविक प्रतिरोधावरच्या संयुक्त आवाहनांत प्रत्येक देश आपापल्या चमूला पैसे देतो. भारत ज्यात सामील असेल अशा आवाहनावर लक्ष ठेवा. फ्रान्ससोबतच्या संयुक्त संशोधनासाठी सेफिप्रा हे केंद्र आहे, जर्मनीसोबत आयजीएसटीसी, आणि परदेशी प्राध्यापकांच्या भेटींसाठी शिक्षण मंत्रालयाची स्पार्क योजना. तरुण संशोधकांनी जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम यांच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप बघाव्यात. यापुढचे मार्ग मात्र परदेशी पैशाचे. मूलभूत प्रश्न असेल आणि वेगवेगळ्या खंडांतले जोडीदार असतील तर ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम. कार्ब-एक्स हा प्रतिरोधी जीवाणूंवरच्या औषधांचा निधी औषध बाजाराकडे नेणाऱ्यांसाठी आहे, तिथे घाई नको. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे थेट अर्ज करायचा असेल तर सॅम आणि ईआरए कॉमन्स या अमेरिकी सरकारी संकेतस्थळांवरची संस्थेची नोंदणी काही महिने आधी सुरू करा. परदेशी उपअनुदानांची जुनी पद्धत त्यांनी मे २०२५ मध्ये थांबवली, त्यामुळे अमेरिकी प्राध्यापकाच्या अनुदानातून आपला वाटा मिळेल या भरवशावर बजेट बांधू नका.

जोडीदार निवडताना त्याला नेमकं काय येतं ते बघा. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या एलियावा या फाज संस्थेकडे १९२३ पासूनचा अनुभव आहे. बेल्जियमच्या क्वीन ॲस्ट्रिड लष्करी रुग्णालयाकडे रुग्णापुरता फाज तयार करून देण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या आयपॅथ या फाज उपचार केंद्राकडे २०१८ पासून रुग्णांवरच्या उपचारांचा अनुभव आहे. पत्र लिहिताना आपल्याला त्यांच्याकडून एकच गोष्ट शिकायची आहे असं लिहा, उत्तर लवकर येतं. अर्जाच्या पार्श्वभूमीत आपला इतिहासही मांडा. १८९६ मध्ये हँकिन या ब्रिटिश जीवाणूशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे नोंदवलं होतं, आणि १९२७ मध्ये फाजचा एक शोधकर्ता दहेरेल कॉलऱ्यावर फाज वापरून पाहायला भारतात आला होता. फाजशी या देशाचं नातं जुनं आहे, हे परीक्षकाला कळू द्या.

करारात तीन कलमं आग्रहाने घाला. लेखांवर नावांचा क्रम कसा ठरेल. जीनोमचा डेटा कोणाकडे राहील आणि कधी खुला होईल. पाठवलेला फाज तिसऱ्याला देताना तुमची लेखी संमती लागेल. हे मागितल्याने कुणी रागावत नाही. रागावलाच तर तो जोडीदार बरा नव्हता.

प्रत्यक्ष पाठवणी सगळ्यात शेवटी. रुग्णालयातल्या जीवाणूंचे कल्चर बहुधा यूएन ३३७३ या जैविक नमुन्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक वर्गात, तिहेरी वेष्टनात जातात. फाज जेल पॅकमध्ये थंड ठेवून पाठवा. पलीकडच्या देशाचा आयात परवाना हातात आल्याशिवाय कुरिअरची वेळ ठरवू नका, आणि एप्रिल ते जून शक्यतो टाळा. पाठवण्याआधी प्रत्येक फाज आणि त्याचा यजमान जीवाणू यांची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात ठेवता येते का ते विचारा, आणि दोन प्रती शहरातल्याच दोन वेगवेगळ्या इमारतींतल्या फ्रीजरमध्ये ठेवा.