स्टेनलेसची टाकी बाहेरून सांभाळताना: इन्स्पेक्शनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

केमिकल प्लांटच्या इन्स्पेक्शनमध्ये नवीन आलेला इंजिनिअर कुठल्याही टाकीपुढे उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आत काय आहे? प्रश्न बरोबरच आहे. पण आतल्या रसायनाचा विचार डिझाइन करणाऱ्याने आधीच केलेला असतो, त्यावरूनच स्टेनलेसचा 304 ग्रेड घ्यायचा की 316 हे ठरलेलं असतं. बाहेरून टाकीला काय लागतं, याचा विचार मात्र अनेकदा कोणीच केलेला नसतो. माझ्या पाहण्यातल्या स्टेनलेसच्या टाक्यांनी जास्त त्रास दिला तो बाहेरच्या बाजूनेच.

थोडी थिअरी लागेलच. स्टीलमध्ये साधारण 10.5 टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. तो फक्त काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा धरतो. त्याचा वैरी क्लोराइड. त्यातही क्लोराइड एखाद्या फटीत अडकलं, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तर थर सावरतच नाही आणि पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे पडत जाणारा गंज, सुरू होतं. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते 304 पेक्षा जास्त तग धरतं, इतकंच. क्लोराइड येतं कुठून? समुद्राकडची हवा, कूलिंग टॉवरचे तुषार, शेजारच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीचा व्हेंट, धुण्याचं पाणी. पाण्यात ते अगदी थोडं असलं तरी पाणी वाळतं आणि क्लोराइड मागे राहतं, दर वेळी थोडी भर पडत जाते. म्हणून उघड्या टाकीवर थेट पाऊस पडतो ती बाजू बऱ्याचदा चांगली असते आणि छपराच्या आडोशाची, कधीच न धुतली जाणारी बाजू डागाळलेली असते.

आता इन्सुलेशनकडे येतो, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे. 304 आणि 316 ला क्लोराइड, ताण आणि उष्णता हे तिन्ही एकत्र मिळालं की स्ट्रेस करोजन क्रॅकिंग होतं, म्हणजे धातूला चिरा पडतात. धातूचं तापमान ढोबळमानाने 50-60 ते 150-175 अंश सेल्सिअस असेल तर सावध राहायचं. ताणासाठी वेगळं लोड लागत नाही, वेल्डिंगनंतर उरलेला ताण पुरतो. गरम ठेवलेल्या टाकीच्या क्लॅडिंगचा (इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या आवरणाचा) एखादा जोड उघडला, सीलंट सुकून तडकलं, की पावसाचं पाणी आत शिरतं आणि इन्सुलेशन ते धरून ठेवतं. बाहेरून क्लॅडिंग चकचकीत दिसत राहतं.

अशी एक टाकी उघडताना मी हजर होतो. नेमप्लेटच्या ब्रॅकेटजवळचं क्लॅडिंग काढलं तर इन्सुलेशनची लोकर ओली, खालच्या टाकीच्या पत्र्यावर पांढुरके डाग, गंज जवळजवळ नाहीच. अल्ट्रासॉनिकने जाडी मोजली, पूर्ण भरली. मग डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरांत शिरणारा लाल रंग, लावलं, वेळ दिला, पुसलं, आणि तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेषा उमटल्या: ब्रॅकेटच्या वेल्डपासून निघून झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या. जाडी मोजून चिरा कळत नाहीत, हे नवीन मुलांना मी या उदाहरणावरूनच सांगतो. पेनिट्रंटसुद्धा कमी क्लोराइडचंच मागवायचं, नाहीतर तपासणीच भर घालायची.

उपाय काय? इन्सुलेशन चढवण्याआधी स्टेनलेसलाही कोटिंग करायचं. ‘स्टेनलेसला रंग कशाला’ हे वाक्य तुम्हाला परचेसपासून प्रोजेक्टपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळेल. दाद देऊ नका. इपॉक्सी फिनॉलिकसारखं, त्या तापमानाला चालणारं कोटिंग घ्यायचं. ब्लास्टिंग गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडने करायचं, स्टील ग्रिटने कधीच नाही. आणि झिंक प्रायमर अजिबात नको. झिंक 419 अंशांना वितळतं, आणि आग लागली तर वितळलेलं झिंक स्टेनलेसमध्ये शिरून तडे पाडतं. वर गॅल्व्हनाइज्ड क्लॅडिंग असेल तर तोच धोका. काही ठिकाणी कोटिंगऐवजी ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळतात, तीही चांगली पद्धत आहे. इन्सुलेशन मागवताना एएसटीएम सी795 (स्टेनलेसला लागून वापरायच्या इन्सुलेशनचं स्टँडर्ड) लिहायला विसरू नका, कारण खुद्द लोकरीतूनही क्लोराइड सुटू शकतं.

नवीन टाकीवर दिसणारे गंजाचे ठिपके ही वेगळी गोष्ट. शेजारी कोणीतरी माइल्ड स्टील ग्राइंड केलेलं असतं आणि ठिणग्यांसोबत उडालेले लोखंडाचे कण पत्र्यावर चिकटतात. थोड्याच दिवसांत नारिंगी ठिपक्यांचा पंखा दिसतो. माइल्ड स्टीलवर वापरलेली चकती किंवा तारेचा ब्रश पुन्हा स्टेनलेसवर फिरवला तरी हेच. फॅब्रिकेशनला स्टेनलेसची जागा वेगळी, हत्यारं वेगळी, एवढं पाळून घेतलं तर पुढचं पिकलिंग-पॅसिव्हेशन (ॲसिडने पृष्ठभाग साफ करून ऑक्साइडचा थर पुन्हा धरू देणं) वाचतं असं मात्र नाही. वेल्डशेजारचा निळा-तपकिरी रंग काढायला ते लागतंच. कण उरलेत का हे पाहायला कॉपर सल्फेटची टेस्ट असते. चुंबकावर भरवसा ठेवू नका: 304 च्या वेल्डमध्ये थोडं फेराइट (स्टीलचं चुंबकाला ओढलं जाणारं रूप) असतं, तिथेही चुंबक किंचित ओढतं. ग्रेडची शंका असेल तर पीएमआय गन, म्हणजे धातूतले घटक जागेवर मोजणारं यंत्र, आणा.

तळाच्या बाबतीत एकच. तळाची प्लेट फाउंडेशनच्या बाहेर येते त्या कडेखाली पाणी शिरतं, आणि ते थांबवायला ड्रिप रिंग (पाणी बाहेर टाकणारी कडेची पट्टी) किंवा लवचीक सील लागतं. कडक सिमेंट लिंपलं तर टाकी भरताना-रिकामी होताना ते तडकतं आणि फट तयारच होते.

वाचायला काय घ्यावं, असं विचारतात. ही स्टँडर्ड्स: इन्सुलेशनखालच्या गंजासाठी एपीआय 583 आणि नेसचं एसपी0198, टाकीच्या डिझाइनसाठी एपीआय 650 चं ॲनेक्स एस. पण वाचण्याआधी आपल्या प्लांटमधल्या प्रत्येक स्टेनलेस टाकीचं धातूचं तापमान, इन्सुलेशनचा प्रकार आणि खाली कोटिंग आहे की नाही, असा एक तक्ता स्वतः करा. कोटिंगचा रकाना भरताना बहुतेक वेळा जुने कागद सापडणार नाहीत. तिथे अंदाज लिहू नका, इन्सुलेशन थोडं उघडून बघा. उघडाल ते नोझल, लिफ्टिंग लग, शिडीचे सपोर्ट आणि सर्वांत खालची कड इथे. रिपोर्टमध्ये ‘बाहेरून ठीक’ असं मोघम न लिहिता इन्सुलेशनची कुठली खिडकी उघडली, किती उंचीवर, आणि कुठलं वेल्ड पाहायचं राहिलं, ते लिहा.