चॅटबॉट तुमच्या होला हो करतोय? या चुका टाळा

“नोकरी सोडून ऑनलाइन शिकवण्या सुरू करायच्या ठरवल्या आहेत. कशी वाटते माझी कल्पना?” असं विचारलं की चॅटबॉट बहुतेक वेळा आधी कौतुक करतो आणि शेवटी सावधगिरीच्या दोन गुळमुळीत सूचना देतो. आपली कल्पना तपासून झाली, असं विचारणाऱ्याला वाटतं. खरं तर तिला कुणी हातही लावलेला नसतो.

ही खोड प्रशिक्षणातून येते. दोन उत्तरांपैकी कुठलं बरं हे माणसं सांगतात आणि त्या पसंतीवरून मॉडेलला, म्हणजे चॅटबॉटमागच्या एआय प्रणालीला, वळण लावलं जातं. आपल्या मताला दुजोरा देणारं उत्तर माणसांना जास्त आवडतं, म्हणून मॉडेलही तेच शिकतं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी २०२३ साली वेगवेगळ्या कंपन्यांचे चॅटबॉट तपासले, तेव्हा सगळ्यांतच हे दिसलं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला त्यामागच्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं, इतकी ते वापरणाऱ्यांची खुशामत करत होतं.

प्रश्नातच उत्तर देणं

“माझी कल्पना”, “मी ठरवलंय”, “बरोबर ना?” या शब्दांतून तुम्हाला काय ऐकायचंय ते कळतं. कल्पना त्रयस्थाची म्हणून मांडा: “एका व्यक्तीचा असा प्रस्ताव आहे. तो स्वीकारावा की नाकारावा, आणि का?” मग नवं चॅट उघडून नेमकी उलटी बाजू मांडा: नोकरी सोडू नये, असं एकाचं म्हणणं आहे. दोन्हीकडे होकारच आला, तर दोन्ही उत्तरं बाजूला ठेवा. चॅटबॉटला जुन्या गप्पा लक्षात ठेवायची सोय असेल तर या चाचणीपुरती ती बंद करा.

“कठोर टीका कर” म्हणून मोकळं होणं

सर्वांत फसवी चूक हीच, असं मला वाटतं. असं सांगितल्यावर सूर बदलतो, पण विचार बदलेलच असं नाही. तुम्ही टीका मागितली म्हणून तो टीका पुरवतो, प्रसंगी ओढूनताणून आक्षेप तयार करतो. हीही एक प्रकारची हांजी हांजीच आहे. त्यापेक्षा नेमकं काम द्या: “ही योजना कोणत्या गृहीतकांवर उभी आहे? त्यातलं कोणतं चुकलं तर सगळं कोसळेल? प्रत्येक आक्षेप खरा की खोटा हे मी कसं पडताळू? ठोस दोष सापडला नाही तर तसं स्पष्ट सांग.”

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्रीमॉर्टेम’ पद्धतही इथे कामी येते. वर्ष उलटलंय आणि योजना फसली आहे, असं धरून चालायचं आणि ती का फसली ते लिहून काढायचं. “फसेल का?” असं विचारलं की धीर देणारं उत्तर येऊ शकतं. “फसली, कारण सांग” म्हटलं की त्याला कारणंच शोधावी लागतात.

आकडे न देणं

शिल्लक किती, विद्यार्थी कुठून येणार, आधी काय करून पाहिलं, हे सांगितलं नाही तर “स्पर्धा खूप आहे” छापाचे आक्षेप मिळतात. ते कुठल्याही धंद्याला लागू पडतात.

आक्षेप आला की नाराजी दाखवणं

चॅटबॉटने चांगला मुद्दा काढावा, तुम्ही “मला नाही पटत” म्हणावं आणि त्याने लगेच माफी मागून मुद्दा सोडावा, हे नेहमी घडतं. नुसतं “नक्की का?” विचारलं तरी तो कधीकधी बरोबर उत्तरही बदलतो. म्हणून त्याने माघार घेतली याचा अर्थ तुम्ही जिंकलात असा घेऊ नका. विरोध करायचाच तर नवी माहिती द्या आणि विचारा: “यामुळे तुझा आक्षेप खरंच कमकुवत होतो का? होत नसेल तर त्यावर ठाम राहा.” संवाद लांबला की तो तुमच्या कलाने घेऊ लागतो, तेव्हा मूळ प्रस्ताव नव्या चॅटमध्ये पुन्हा तपासून घ्या.

एवढं करूनही हा विरोध सांगून करवून घेतलेलाच असतो. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत, नेमून दिलेल्या विरोधकापेक्षा ज्याला मनापासून वेगळं वाटतं त्याच्यामुळे गटाचा विचार जास्त खुला झाला. त्यामुळे चॅटबॉटकडून मिळालेले दोन-तीन भक्कम आक्षेप घेऊन, ज्याला तुमची योजना खरोखर पटलेली नाही अशा माणसाकडे जा आणि यात काय राहून गेलं ते त्याला विचारा.